मित्राताईंचं थांबणं

मित्राताई रिकाम्या खोलीच्या दारावरसुद्धा टकटक करायच्या. टकटक करून आतून कोणी "या" म्हणेल म्हणून क्षणभर उभ्या राहायच्या, आणि आत कोणीच नाही हे आठवलं की स्वतःवर चरफडत दार उघडायच्या. एकदा मी त्यांना हातमोजे ठेवायच्या कपाटावर टकटक करताना पकडलं. "हसून काय राहिली?" त्या म्हणाल्या. "सवय मोडली तर एखाद्या दिवशी भरल्या खोलीत घुसून जाईन मी. त्यापेक्षा कपाटाला मान दिलेला बरा."

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावापासून अर्ध्या तासावर माजी सैनिकांचा एक दवाखाना आहे, आणि त्यात बायकांसाठी वेगळा विभाग. मी तिथे नर्स आणि मित्राताई नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे डॉक्टर नव्हेत, पण तपासायच्या, निदान करायच्या, औषधं लिहून द्यायच्या. आमच्या बहुतेक पेशंट बायकांना दुसरा डॉक्टर ठाऊकच नव्हता. भीमजयंतीच्या कार्यक्रमात एखादे काका विचारायचेच, "म्हणजे शेवटी नर्सच ना?" त्यावर ताई शांतपणे म्हणायच्या, "नर्सच. काका, बीपीची गोळी घेतली का आज?" काकांनी ती हमखास घेतलेली नसायची, आणि मग बिचाऱ्यांना जेवणाच्या रांगेतही ताई गाठायच्या.

मूळच्या नागपूरच्या. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आल्या असाव्यात. डबा उभ्याने खायच्या, फोनवर बोलताना कॉरिडॉरच्या फेऱ्या मारायच्या. आम्ही दोघी एकाच गाडीने जात-येत असू, तेव्हा स्टिअरिंग त्यांच्या हातात असलं की मी मनातल्या मनात नवस बोलत असे, कारण समोरची गाडी जरा रेंगाळली की या लेन बदलायच्या. "ताई, आपल्याला घरीच जायचंय," मी म्हणायची. "तुम्हा पुण्याच्या लोकांना काही घाई नसते बाप्पा," असं म्हणून त्या पुन्हा लेन बदलायच्या.

हीच बाई तपासणीच्या खोलीत शिरली की वेगळी व्हायची. पेशंटची खुर्ची दाराजवळ, ताईंचं स्टूल पलीकडच्या भिंतीला, आणि दोघींच्या वाटेत कोणी उभं राहायचं नाही. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगायचं आणि उत्तराची वाट बघायची. पण सगळ्यांत कडक नियम दुसराच होता. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पेशंटनं थांब म्हटलं का थांबायचं. 'झालंच हं, एक सेकंद' हे वाक्य माझ्या खोलीत बोलायचं नाही." आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांवर सैन्यात असताना बरोबरच्याच पुरुषांनी अत्याचार केले होते. त्यांनी नको म्हटलेलं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे नियम मला पटला होता, निदान डेनिस येईपर्यंत तरी.

डेनिस पन्नाशी उलटलेली, सैन्यात अवजड ट्रक चालवलेली बाई. पहिल्याच दिवशी, दवाखान्याच्या मुख्य दाराशी बसून येणाऱ्यांना वाट सांगणाऱ्या एका हसतमुख आजोबांनी तिला विचारलं, "मिस्टरांची अपॉइंटमेंट कुठल्या विभागात आहे?" इथे बाई दिसली की ती कोणाची तरी बायको, हे लोक धरूनच चालतात. डेनिस तिथूनच वळली आणि पार्किंगकडे निघाली. मित्राताईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि तशाच, कोट न घालता, बर्फात तिच्या मागे गेल्या. तिच्या ट्रकपाशी उभं राहून काय बोलल्या कोण जाणे, पण परत आल्या तेव्हा दात कडकडत होते आणि डेनिस मागून येत होती.

पाळी बंद होऊन काही वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जायला लागलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. असं असलं की कॅन्सर नाही ना, हे बघायला आतला छोटासा तुकडा काढून तपासावाच लागतो. काम मिनिटभराचं, पण हात लावू देणं हेच तिच्यासाठी अवघड. भूल देऊन करू या का, असं विचारलं तर ती म्हणाली, "मी बेशुद्ध पडणार आणि माझ्या अंगाशी काय चाललंय ते मला कळणार नाही? ते एकदा झालंय." त्यानंतर आम्ही भुलीचं नाव काढलं नाही. ती नुसती येत राहिली. कधी बूट न काढता बोलून जायची, कधी टेबलावर चढून उतरायची. मॅनेजर वेळेवरून कुरकुरला की ताई म्हणायच्या, "प्रोग्रेस होऊन राहिली ना सर," आणि निघून जायच्या. मराठीतून म्हटल्यामुळे त्याला वाद घालता यायचा नाही.

शेवटी डेनिस तयार झाली. मी तिच्या उशाशी होते. सगळं नीट चाललं होतं, बारीक नळी आत गेली होती, आता फक्त तुकडा ओढून घ्यायचा, आणि डेनिस म्हणाली, "स्टॉप."

ताई थांबल्या. नळी अलगद बाहेर काढून ठेवली, हात वर केले आणि पायांनी स्टूल मागे ढकलत भिंतीपर्यंत गेल्या. नळी रिकामी होती. आम्ही बाहेर गेल्यावर डेनिसने कपडे घातले आणि आमच्याकडे न बघता निघून गेली.

परतताना मी गाडीत फुटलेच. "ताई, दोन सेकंदांचं काम होतं. तिला कॅन्सर असेल तर?"

"असेल."

"असेल काय! ती आता परत यायची नाही."

"नाही यायची तर नाही यायची." चिडल्या की त्यांचं वऱ्हाडी वर यायचं. "मले समजत नाही काय ते? तिनं थांब म्हटलं होतं ना? मंग ते दोन सेकंद तिचे होते, माझे नव्हते."

"बाई जिवंत राहिली तर तिचे ना?"

समोर एक गाडी रेंगाळत होती, ताई तिच्या मागेच राहिल्या. त्या दिवशी त्यांनी एकदाही लेन बदलली नाही, आणि मला ते जास्त भीतिदायक वाटलं.

नंतरचे आठवडे वाईट गेले. डेनिस फोन उचलत नव्हती. ताई दर आठवड्याला निरोप ठेवायच्या, "मित्रा बोलतेय. मी इथेच आहे. रक्त वाढलं तर वाट नको बघूस, इमर्जन्सीत जा." ऐकून मला राग यायचा. अहो, रागावून बोला तिला, घाबरवा जरा, असं वाटायचं. टेबलावरचा फोन वाजला की ताई अर्धा घास टाकून उठायच्या. पार्किंगमध्ये मोठा ट्रक शिरला की खिडकीशी जायच्या. वजन उतरलं, डोळ्यांखाली काळं आलं. एकदा मी म्हटलं, "ताई, झोपता तरी का?" तर म्हणाल्या, "झोपते की. मीटिंगमध्ये."

बर्फ वितळून पार्किंगमध्ये नुसता चिखल झाला होता तेव्हा डेनिस आली, अपॉइंटमेंट न घेता. "आज करून टाक," म्हणाली. मी पुन्हा उशाशी. ताईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, विचारलं, सुरू केलं. आणि अगदी त्याच ठिकाणी डेनिस म्हणाली, "स्टॉप."

ताई थांबल्या. पुन्हा नळी बाहेर, पुन्हा हात वर, पुन्हा भिंतीशी. डेनिसने मान उचलून भिंतीशी गेलेल्या ताईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "मागच्या वेळी घरी गेल्यावर वाटलं, तू चुकून थांबलीस. खात्री करायची होती." आणि डोकं पुन्हा उशीवर टेकत, "हं. चालू दे."

तुकडा मिळाला. कॅन्सर निघाला.

मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. त्यासाठी भूल घ्यावीच लागली. ती घेताना डेनिसने ताईंचा हात धरला होता आणि ती झोपेपर्यंत ताई बोलत होत्या. गर्भाशय काढलं. रोग बाहेर पसरला नव्हता, पण आत बराच खोल गेला होता, म्हणून रेडिएशनही द्यावं लागलं. ताईंनी सर्जनला गाठून विचारलं, "हिवाळ्यातच कळलं असतं, तर रेडिएशन टळलं असतं का?" तो म्हणाला, कदाचित हो, कदाचित नाही, कोणीच सांगू शकणार नाही. हे उत्तर ताईंना चावत राहिलं. रोग तपासण्यांत पुन्हा दिसला नाही तरी चावत राहिलं.

डेनिस बरी झाली आणि मग बायका आणायला लागली. पहिली तिच्याच तुकडीतली, ओहायोहून आलेली. सैन्यातून सुटल्यापासून कुठल्याच डॉक्टरकडे न गेलेली. ती खुर्चीत बसली नाही, दारातच उभी राहून तिने ताईंना विचारलं, "थांबते ती तूच का?" मग आणखी दोघी आल्या. मी नवीन पेशंटना, आमच्याबद्दल कुठे कळलं, हे विचारायचं सोडून दिलं.

मित्राताईंच्या नवऱ्याची बदली ॲरिझोनात झाली आणि त्यांनी इथली नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी निरोपाचा केक त्यांनी उभ्यानेच खाल्ला. परतताना मी गाडी चालवत होते आणि त्या शेजारी चुळबुळत होत्या. इतक्या बायका आल्या, डेनिस धडधाकट आहे, आता तरी मान्य करायला हवं असं वाटून मी म्हटलं, "ताई, तेव्हा मी भांडले. पण तुमचंच बरोबर होतं."

"काहून? ती जगली म्हणून?"

मी उगाच आरसा नीट केला.

"अनघा, ती मेली असती तर तू काय म्हटलं असतं? मित्राताईनं मारली, म्हटलं असतं. अन् तेही खरंच असतं." त्यांनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. "मी रोज हिशोब लावून पाहते. एक दिवस लागतो, एक दिवस नाही लागत."

"मग पुन्हा तशी वेळ आली तर?"

"थांबीन," त्या म्हणाल्या. "अन् झोपणार नाही."