कॉलेजांना मान्यता देणारा

मंदीत इकडे आखातात जुमेरा लेक टॉवर्समधल्या कंपन्या पटापट खलास होत होत्या, हा गृहस्थ मात्र फुगत चालला होता. तो कॉलेजांना मान्यता द्यायचा. आवाज असा, की खालच्या तळ्यात लाटा उठाव्यात. बी.एड. केलं नाही तर बायकोची शाळेतली नोकरी जाणार होती, म्हणून त्याच्या मान्यतेच्या एका कॉलेजची चौकशी करायला आम्ही गेलो.

बायकोने विचारलं, "पण तुमच्या संस्थेला मान्यता कुणाची?"

"जागतिक परिषदेची, ताई. अध्यक्ष आतच बसतात. बोलावतो."

तो आत गेला, निळा कोट उतरवून काळा चढवला आणि बाहेर येऊन आमच्याशी नव्याने हात मिळवला. "नमस्कार, मी अध्यक्ष."

"आणि इथल्या मंत्रालयाची मान्यता?"

टाय सारखा करत तो म्हणाला, "त्यांचा अर्ज अजून आमच्याकडे आलेला नाही."

नोकरी गेलीच. बायकोने वर्षभर पुण्यात राहून खरं बी.एड. केलं. परतल्यावर एकदा तो लिफ्टमध्ये भेटला. अंगात तिसराच कोट, सोनेरी बटणांचा.

बायको माझ्या कानात म्हणाली, "मंत्रालयाचा अर्ज आला वाटतं."