पाव आटा

पाणी दिलं की तो आधी अर्धा पेला हंड्यात परत ओतायचा आणि उरलेलं प्यायचा. आमची ही चिडायची. "घरात पाणी हाय, पी की पोटभर." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "लागलं तर मागंन की, वयनी." त्याने मागितलेलं मी कधी ऐकलं नाही.

आमच्या जांबे गावात तो ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. घरची मेंढरं होती, पण चरायला माळच उरला नाही. मेंढरं विकली आणि काठी जाऊन हातात वॉल्व्हची चावी आली. तुमच्याही गावात असा एकजण असेलच. पाणी आलं तर त्याची आठवण कुणाला होत नाही, नाही आलं तर शिव्या मात्र त्यालाच. आमचं गाव त्याला पाठीमागे चिकट्या म्हणायचं, मीही म्हणायचो.

त्याच्या खिशात कायम सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या असत. कुठे पाइप गळताना दिसला की खाली बसून पट्टी आवळायचा, पाइप कुणाचा का असेना. माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांचे हात धुतलेलं पाणी साठवायला त्याने नळाखाली घमेली लावली. व्याही बघतच राहिले. मी त्याला बाजूला घेऊन झापलं, तर म्हणाला, "आंब्याला उष्टं-खरकटं कळत न्हाई, अण्णा." त्या पाण्यावर त्याने मांडवामागची चार रोपं जगवली. त्यांचे आंबे आम्ही खातो, हे सांगायला मला आज लाज वाटते.

जमिनीतली थोडी विकून मी बारा खोल्या बांधल्यात. भाडेकरू सगळे हिंजवडीला कामाला जाणारे. यंदा थंडी सरली आणि नळाची धार बारीक व्हायला लागली. एकदम नाही, आठवड्याला थोडी थोडी. वरच्या मजल्यावरचे म्हणायला लागले, "अंकल, बाल्टी भी नहीं भर रही." मी त्याला हटकलं. पायाकडे बघत तो म्हणाला, "पाइप जुना हाय, अण्णा. घ्या भागवून." आणि खरं सांगायचं तर भागतही होतं. लोक तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालत होते, गाड्या ओल्या फडक्याने पुसत होते, कुरकुरत का होईना.

मग कुणीतरी उठवलं, हा टँकरवाल्याला पाणी विकतो. चिखल उडायला दगड कुणी मारला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जो अर्धा पेला परत ओततो तो पाणी कसा विकेल, एवढी अक्कल मला होती. पण दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. त्याला काढायच्या अर्जावर पहिली सही माझी.

ज्या दिवशी त्याने चावी पंचायतीच्या टेबलावर ठेवली, त्या दिवशी बाहेर पडताना माझ्यापाशी थांबला.

"तुमाला म्हणून सांगतो. पाइपला काय झालेलं न्हाई. दर सोमवारी मीच वॉल्व्ह पाव आटा आवळत आलोय."

"आन् ते कशापायी?"

"इहीर आटतीया. ह्या धारंनं मिरगापर्यंत पुरंल."

"मग गावाला सांगायचं की."

"कमी येतंय म्हणलं की माणूस कमी वापरतो. संपतंय म्हणलं की पिंपं भरतो. चार दिसांत तळ दिसंल."

चोरी पकडली की माणूस काहीही बोलतो, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो रिहे गावाला बहिणीकडे निघून गेला.

नव्या माणसाने चावी लावली आणि वॉल्व्ह पूर्ण मोकळा केला. काय धार आली. आळीत बायांनी गोधड्या धुवायला काढल्या, पोरांनी गाड्या धुतल्या, माझी वरची टाकी दोनदा वाहून गेली. 'माणूस कामाचा आहे,' असं जो तो म्हणत होता. मीही चारचौघांत म्हणालो.

नवव्या दिवशी तांब्याच्या तळाला बारीक वाळू दिसली. मी चहा तसाच ठेवून ओढ्याकाठच्या विहिरीवर गेलो. तिच्यात डोकावून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. आतल्या दगडांवर गेरूच्या रेघा होत्या, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या, एकीखाली एक, चार चार बोटांवर. दर सोमवारची एक. शेवटच्या रेघेपासून पाणी दीड पुरुष खाली गेलं होतं. मोटारीच्या पाइपाचं तोंड उघडं पडायला हातभर उरलं असेल. चैत्रही अजून संपला नव्हता.

परत येताना ठरवलं, वॉल्व्ह आवळायला लावायचा, रिह्याला जाऊन त्याचे पाय धरायचे, गाव गोळा करायचं. दारात आलो तर नळ धो धो वाहत होता.

मी हिला म्हणालो, "माळ्यावरची पिंपं काढ."

आम्ही चारही पिंपं भरली, लग्नातली पातेली भरली, कळश्या भरल्या. शेजारची काकू कुंपणावरून बघत होती.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाई. आपलं असंच."

तिने माझी पिंपं नजरेने मोजली. मग आत गेली आणि तिने नवऱ्याला हाक मारली. दिवेलागणीपर्यंत आळीतल्या प्रत्येक नळाला मोटार लागली होती.