मला, मले, मोला

लग्नानंतर मी साताऱ्याकडून गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाजवळच्या या गावात आले आणि कॉलेजात भूगोल शिकवू लागले. त्यात भाषेच्या भूगोलाचा एक भाग होता: भाषाकुळं, बोली, संपर्कभाषा, भाषांच्या सीमा. फळ्यावर नकाशा काढून मी खडूनं रेघ ओढायची. इकडे मराठी, पलीकडे छत्तीसगढी.

घरी अशी रेघ कुठं सापडायची नाही. सासरचे लोक पोवार, फार पूर्वी माळव्यातून आलेले. सासूबाई घरात पोवारी बोलायच्या, धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, बायांशी इकडची झाडीबोली, माझ्याशीही तीच, आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी. माझी मराठी माझ्यापुरती.

मुलगी दोन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली की वळायची, हसायची, हवं ते बोटानं दाखवायची. पण शब्द नाही. त्या दिवाळीत माझी मावशी राहायला आली होती. ती म्हणाली, "घरात इतक्या भाषा. पोर गोंधळली असणार. एकच ठेवा, तीही शुद्ध."

मी नुसतं ऐकून घेतलं. सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या.

मावशी गेल्यावर घर शांत वाटू लागलं. धानकापणीचे दिवस होते, सासूबाई थकल्या असतील असं मला वाटलं. नातीला त्या पूर्वीसारखंच मांडीवर घ्यायच्या, भरवायच्या, पण तोंडातून अक्षर काढायच्या नाहीत. एका दुपारी कॉलेजातून लवकर आले, तर दोघी अंगणात शेंगा सोलत बसलेल्या. मुलीनं कावळा दाखवला. सासूबाईंनी मान हलवली, बस.

"आई, तुम्ही हिच्याशी बोलत का नाही?"

त्या शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "मले तुज्यावानी बोलता नाई येत. पोरगी माज्यापायी मुकी राहीन तं?"

मावशीचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी त्यांच्याशेजारी बसून शेंगा सोलू लागले.

त्याच आठवड्यात आम्ही नवरा-बायको मुलीला गोंदियाला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी कान तपासून घेतले. कान उत्तम होते. मग विचारलं, घरात कोण कोणती भाषा बोलतं? मी सगळं सांगितलं, सासूबाईंच्या गप्प बसण्यासह.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दिनभर बच्ची किसके पास रहती है?"

"दादी के पास," नवरा म्हणाला.

"तो दादी को बोलने दीजिए. ज़्यादा भाषाओं से बच्चे गूँगे नहीं होते. जो जिस बोली में लाड़ करता है, उसी में करे." तीन महिन्यांनी पुन्हा आणा, तेव्हा गरज पडली तर पुढचं बघू, असंही त्यांनी सांगितलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये समोर छत्तीसगढातल्या डोंगरगढची एक बाई बसली होती. मुलीकडे हात पसरून ती छत्तीसगढीत म्हणाली, "मोला दे न, नोनी ल." मी चमकले. हा 'मोला' तर आमच्या स्वयंपाकघरातला. माझा 'मला' या गावात आला की 'मले' होतो, सासूबाईंच्या पोवारीत 'मोला', आणि तोच सीमेवरचं दरेकशाचं जंगल ओलांडून डोंगरगढच्या बाईच्या तोंडीही होता. माझ्या खडूच्या रेघेला तिथं काही काम नव्हतं.

घरी पोचल्यावर मी डॉक्टरांचं बोलणं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी आपल्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मी बोलू?"

"बोला, आई. तुमच्याच बोलीत बोला."

त्यांनी नातीला उचललं आणि परसात नेलं. अंधार पडेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. कोंबड्या, वांग्याची रोपं, शेजाऱ्याची म्हैस, सगळ्यांची खबर त्या पोवारीत सांगत होत्या. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. निम्मं मलाही कळत नव्हतं.

शब्द लगेच आले नाहीत. थंडी सरली, मोहाची फुलं पडू लागली, तेव्हा एका सकाळी मुलगी सासूबाईंचा पदर ओढून म्हणाली, "मोला पानी." सासूबाई हातात कळशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्या हलत नाहीत असं पाहून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मला पाणी."

आम्ही दोघींनी एकदमच पेले भरले. सासूबाई रडत होत्या. मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "कायले वो?" आणि मला उठवून जवळ घेतलं. नातीसाठी आपली बोली गिळून बसलेल्या या बाईचे आभार कोणत्या भाषेत मानायचे ते मला सुचलं नाही, आणि त्यांनाही ते नको होते.

मुलगी आता शाळेत जाते. मैत्रिणींत 'मले', गोंदियात 'मुझे', आजीजवळ 'मोला'. कुणी शिकवलं नाही.

परवा माझ्या आईचा साताऱ्याहून फोन आला. काय करतेस, विचारलं. 'जेवतेय'च्या ऐवजी माझ्या तोंडून निघालं, "जेवून राहिले." पलीकडे आई हसत सुटली. "गेलीस गं तिकडची होऊन," म्हणाली.

"हो," मी म्हणाले, आणि सासूबाईंनी वाढलेला भात कालवू लागले.