फेस न आलेली माती

धुळ्याला माती तपासायला गेलो, तेव्हा रांगेत तो माझ्या पुढे होता. शिरपूरकडचा, तापीकाठचा. पिशवीत हात घालून आपली काळी माती तो पोराच्या केसांसारखी कुरवाळत होता. साहेबांनी तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकला, ती गप्प राहिली. माझी मात्र सोड्यासारखी फसफसली.

"पोयटा चांगला आहे, पण चुनखड फार. तुमची केळी पिवळी पडते ती यानेच," साहेब म्हणाले.

त्याची पिशवी हिसकावून घ्यावीशी वाटली मला.

तो माझ्या मातीवरच्या फेसाकडे बघत राहिला. "तुमनी मातीमा सीताफळ भलतं गोड व्हस, भाऊ. आमनाकडे झाड जगतच नही."

बांधावर माझ्या सीताफळं आहेत, पाखरांनी लावलेली. मी जन्मभर तापीकाठच्यांचं बघून केळीच लावत आलो.