जांभळ्या जिभेचे सिनियर

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस नागपुरात मला एकच भेटला, आणि तो आमच्या ऑफिसात होता. आम्ही त्यांना 'सिनियर' म्हणत असू. हुद्द्याने ते काही मोठे नव्हते. धंतोलीतल्या त्या मोठ्या ऑडिट फर्ममध्ये सी.ए. होण्यासाठी उमेदवारी करणारे आम्ही पंचवीसेक आर्टिकल होतो. सिनियरांची उमेदवारी आम्ही हायस्कुलात असतानाच संपली होती. पण शेवटची परीक्षा त्यांना सोडायला तयार नव्हती, म्हणून पगारी असिस्टंट होऊन ते तिथेच राहिले होते. वर्षातून दोनदा ते परीक्षेला बसत आणि वर्षातून दोनदा अख्ख्या ऑफिसला नापास झाल्याचा चहा पाजत. त्यांच्या गमती मी गेली कित्येक वर्षं लोकांना हसत हसत सांगत आलो आहे. हसत सांगितलं की शेवटचा भाग सांगावा लागत नाही.

तपासलेल्या प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण करायची, हा आमच्या धंद्याचा श्रीगणेशा. आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या पेन्सिलीचा रंग ठरलेला होता. खुणेखाली सही नसे. रंग हीच सही. माझा हिरवा होता. सिनियरांचा जांभळा, तोही जिभेवर ओली केल्याशिवाय नीट न उठणाऱ्या जुन्या शाईपेन्सिलीचा. त्यामुळे त्यांची जीभ बारा महिने जांभळं खाल्ल्यासारखी दिसे. एकदा तापात डॉक्टरांनी जीभ बघितली आणि थेट मेयो हॉस्पिटलात जायला सांगितलं. सिनियरांनी खिशातून पेन्सिल काढून दाखवली, आणि वर डॉक्टरांनाच विचारलं की जीभ पुसून पाहिल्याबिगर तुम्ही निदान कसं केलं. लग्नाचंही तसंच. मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीच्या मामांनी ती बी.ए. असल्याचं सांगितलं. सिनियरांनी अगदी नम्रपणे सर्टिफिकेट पाहायला मागितलं. पोहे यायच्या आत मंडळी रस्त्यावर आली होती. "वरिजिनल दाखवा म्हटलं, त्यात काय चुकलं गा?" हे त्यांनी मला पुढे कितीतरी वेळा विचारलं, आणि ते खरोखरच विचारत असत.

परीक्षेत नापास होण्याचं कारणही हेच होतं. बाकी पेपर ते भराभर लिहीत, पण जहाज कंपनीच्या हिशेबाचा प्रश्न आला की पान कोरं सोडून देत. आम्ही कळवळून सांगायचो की भाऊ, रीत पाठ आहे ना, मग लिहून मोकळे व्हा. ते म्हणत, जहाज मी पाह्यलं नाही, त्यात माल कुठं ठेवतात तेही पाह्यलं नाही, मंग त्याचा हिशेब बरोबर आहे हे मी कोणत्या तोंडानं सांगू? नागपूरला समुद्र नाही, हा त्यांच्या बाबतीत नशिबाचाच भाग म्हणायचा.

मी हिंगणघाटहून आलेलो. वडील शाळामास्तर; मुलगा सी.ए. होणार हे त्यांनी निकालाआधीच सगळ्या गावाला सांगून टाकलेलं. शिकवणी परवडणारी नव्हती. सिनियर मला रोज सकाळी सहा वाजता महाल भागातल्या आपल्या खोलीवर बोलावत आणि फुकट शिकवत. घसारा शिकवायचा तर आपली सायकल अंगणात उभी करून, कोणत्या वर्षी काय झिजलं ते मला हात लावून पाहायला लावत. माझे हात ग्रीसने काळे होत, पण घसाऱ्यावरचा प्रश्न मी आयुष्यात कधी चुकलो नाही. वहीत त्यांनी माझ्यासाठी नोट्स काढल्या होत्या, त्याही जांभळ्या. मी मे महिन्यात परीक्षेला बसणार होतो, आणि तेही. "दोघं संगच पास होऊ," ते म्हणायचे.

त्या वर्षी मार्चअखेरीला आम्ही दोघं शहराबाहेर वाडीला एका व्यापाऱ्याच्या गोदामांत माल मोजायला गेलो. तीन गोदामं, चण्याची पोती, सगळी बँकेकडे तारण. पोती मोजायची सोपी रीत म्हणजे समोरून लांबी, रुंदी, उंची मोजायची आणि गुणाकार करायचा. सिनियरांना ती रीत मान्य नव्हती. ते धोतर खोचावं तशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून प्रत्येक थप्पीवर चढत, वरून चालत जात आणि खडूने पोत्यांवर रेघा ओढत. हमाल हसत. खाली उतरले की ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत. दुपारी माझी हिरवी पेन्सिल संपली. आसपास ट्रक आणि पंक्चरची दुकानं. पेन्सिल कुठे मिळणार? सिनियरांनी थोडा विचार केला, आपली जांभळी पेन्सिल गुडघ्यावर टेकवून मोडली आणि अर्धी माझ्या हातात ठेवली. "तिसरं गोदाम तू कर. पाह्यल्याबिगर जिभेले लावू नको, एवढंच ध्यानात ठेव."

मी त्या गोदामात गेलो, समोरून पोती मोजली आणि गुणाकार केला. व्यापाऱ्याच्या टाईप केलेल्या यादीशी तो तंतोतंत जुळला. पेन्सिल जिभेला लावून मी सगळ्या ओळींपुढे खुणा केल्या. मग थप्पीच्या सावलीत बसून सिनियरांच्याच नोट्स वाचल्या. परीक्षा जवळ आली होती. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "चढला होता न?" मी हो म्हणालो. त्यांनी माझी जांभळी झालेली जीभ पाहिली आणि त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला बर्डीच्या बाजारात थांबवून समोसे खाऊ घातले.

एप्रिलअखेर बँकेचा माणूस अचानक येऊन तिसऱ्या गोदामातल्या त्या थप्पीवर चढला. थप्पी पोकळ होती, यादीतली कितीतरी पोती तिथे नव्हतीच. फर्मच्या मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. यादी टेबलावर होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑफिसात जांभळा रंग एकाचाच होता. त्यांनी सिनियरांना एवढंच विचारलं, "ही खूण तुमची?"

सिनियरांनी यादी हातात घेतली, चष्मा वर करून नीट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट पाहिल्यासारखं. माझ्या परीक्षेला बारा दिवस होते. मी बोललो असतो तर माझी उमेदवारी रद्द झाली असती, हिंगणघाटला तार गेली असती. मी पायाकडे बघत उभा राहिलो. बाहेरच्या टाईपरायटरवर एक अख्खी ओळ संपून घंटी वाजलेली मला आठवते.

"पेन्सिल माहीच आहे, साहेब," ते म्हणाले.

खोटं ते त्याही वेळी बोलले नाहीत. त्याच दिवशी त्यांना काढलं. परीक्षा झाली की सांगू, असं मी ठरवलं. मग निकाल लागला की सांगू, असं ठरवलं. मी पास झालो. सिनियर त्या वेळी परीक्षेला बसलेच नाहीत. पुढे साहेब वारले आणि सांगायला कोणी उरलं नाही, यामुळे मला दुःखाआधी हायसं वाटलं. माणूस किती हलका असू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. महालातल्या त्या खोलीकडे मी पुन्हा फिरकलो नाही.

गेल्या वर्षी कळलं, की ते कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे कामाला आहेत. मी गेलो. केस पांढरे झालेले, पँट तशीच दुमडलेली, हातात खडू. मला पाहून ते मनापासून हसले आणि जीभ दिसली. तुमच्याआमच्यासारखी, साधी गुलाबी. पेन्सिल का सोडली, हे मी विचारलं नाही. त्यांनी चहा मागवला, वडिलांची चौकशी केली, माझ्या ऑफिसात आर्टिकल किती ते विचारलं. वाटेत पाठ केलेली कबुली मी एका दमात देऊन टाकली. मग त्यांनी आवाज खाली केला. इतकी वर्षं अडून राहिलेली शंका विचारावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मले एकच सांग. ती थप्पी मधी पोकळ होती, का मागच्या अंगानं?"

"मधूनच असेल, भाऊ. लोक तसं म्हणत होते."

"लोकायचं राहू दे. नंतर तरी चढून पाह्यलं होतं का तू?"

मी मान हलवली. नव्हतं पाहिलं.

"मंग राहू दे," ते म्हणाले, आणि माझा चहा थंड होतोय म्हणून कप माझ्याकडे सरकवला.