निळ्या उजेडातली हळद

त्या वर्षी सांगलीच्या कॉलेजात आम्ही दोघं निळा उजेड तयार करत होतो. दोघं म्हणजे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मी आणि कुंडलहून रोज एस.टी.नं येणारा माझा जोडीदार. आमच्या वर सर. सर परदेशात दोन वर्षं राहून आले होते आणि येताना बाटलीभर पॉलिमर घेऊन आले होते. त्या सेंद्रिय पदार्थाचा, केसाहून कितीतरी पातळ थर काचेच्या पट्टीवर द्यायचा, त्यावर ॲल्युमिनियम चढवायचं, दोन्ही बाजूंनी वीज जोडायची. तार तापत नाही, काही जळत नाही, तरी काच उजळते. हिरवा उजेड जगात बऱ्याच जणांना जमला होता. निळा अवघड. वीज भरपूर घालावी तेव्हा आमचा निळा चिमूटभर निघायचा, तोही पांढुरका.

जोडीदारानं तो सुधारला. जुन्या मिक्सरच्या मोटरवर त्यानं काच गरगर फिरवायचं यंत्र बसवलं होतं. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या पॉलिमरचे तीन थेंब टाकले की थर एकसारखा पसरायचा. त्यानं थर पातळ केला, द्रावण दोनदा गाळलं, त्यातल्या निळ्या रंगाचं प्रमाण पुन्हापुन्हा बदलून पाहिलं. गणपती होईतो उजेडातले रंग मोजणाऱ्या आलेखावर एकच उंच, अरुंद टेकडी येऊ लागली. म्हणजे उजेड निळा आणि फक्त निळा. वीजही पूर्वीपेक्षा कमी लागत होती. सर म्हणाले, "दिवाळीआधी अहवाल जाईल. त्यात हाच आलेख असला तर बंगलोरच्या फेलोशिपसाठी तुझं नाव देतो." कुपवाडला फौंड्रीत काम करणाऱ्या वडिलांना त्यानं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

मग खंडेनवमी आली. सांगलीत त्या दिवशी लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याची पूजा होते, आमच्या प्रयोगशाळेचीही झाली. सर म्हणाले, "इथे मुलगी एकच. हळदीकुंकू तू लाव." माझे वडील इस्लामपूरला अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढणारे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले होते आणि होस्टेलच्या पोरींना उपवासावरून रडवलं होतं. पण सरांना नाही म्हणणं जड गेलं. पंपाला, मोटरला, द्रावणाच्या प्रत्येक बाटलीच्या बुचाला आणि गळ्याला मी ओली हळद लावली.

जोडीदाराचं घराणं आजोबांच्या काळात बौद्ध झालेलं. तो दारात म्हणाला, "मी भाईर थांबतो, सर."

"थांब. प्रसादाला तरी ये."

"न्हाई, सर."

सर हसले. ते हसू मला आवडलं नाही, आणि मी पुढच्या बाटलीला हळद लावली.

दसरा संपला आणि निळा बिघडला. आलेखात हिरव्याच्या बाजूला कुबड आलं, उजेडही मंदावला. सरांनी कारण अचूक सांगितलं. हजार निळ्या रेणूंत एखादा परका घुसला तरी पुरे, आजूबाजूच्यांची ऊर्जा तो खेचतो आणि आपल्या रंगात उधळतो. "कुणाच्या तरी हातून घाण जातेय," ते म्हणाले. थर तर एकाच माणसाचे हात देत होते.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सर त्याला सगळ्यांसमोर बेसिनपाशी उभं करत. साबण, मग ब्रश, मग पुन्हा साबण. मग नखं दाखवायची. पहिल्या दिवशी मी टॉवेल पुढे केला. सर म्हणाले, "तो नको. हात वाऱ्यावर वाळू दे त्याचे." तो दोन्ही हात हवेत धरून उभा राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "लगीन ठरलं तर नवरीबी एवढं अंग घासून घ्यायची न्हाई गं." मी हसले. हसायला नको होतं.

दहा दिवसांनी त्याला यंत्रावरून काढलं. अहवालात 'काम करणाऱ्या विद्यार्थ्याकडून स्वच्छतेचा अभाव' असं आलं, आणि फेलोशिपसाठी माझं नाव गेलं.

आता थर मी देत होते. तेही हिरवट. एका दुपारी चिकट झालेलं बूच साबणानं धुवायला घेतलं आणि फेस लालभडक झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे सांगलीतल्या पोरीला सांगावं लागत नाही. ओतताना क्लोरोफॉर्मचा थेंब बाटलीच्या गळ्यावर फिरत होता, हळदीचा पिवळा रंग विरघळवून ड्रॉपरमध्ये नेत होता. विरघळलेलं गाळूनही जात नाही.

तसंच बूच घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"माहीत आहे. त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला."

"मग?"

"मग काय? प्रयोगशाळेत पूजा केली असं लिहू? का तू लावलीस असं लिहू?" त्यांनी समोरचं पान उलटलं. "नवं द्रावण कर. स्वच्छ बाटलीत."

नव्या द्रावणातून निळा परत आला, त्याच्याच प्रमाणानं, त्याच्याच यंत्रावर.

जोडीदाराला मी एस.टी. स्टँडवर गाठलं. तो शांत होता. "मला म्हाईत हाय की. बूच मीबी धुतलं हुतं."

"मी पत्रक काढते. सगळं लिहिते."

"आता नगं. पुण्याला एका ठिकाणी अर्ज केलाय, पुढल्या महिन्यात मुलाखत हाय. ती हू दे."

"सत्याला मुलाखतीची वाट बघायला लावायची नसते," असं मी त्याला ऐकवलं. तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं.

इस्लामपूरच्या नेहमीच्या छापखान्यात पाचशे प्रती काढल्या. 'प्रयोगशाळेतली पूजा आणि एका विद्यार्थ्याचा बळी.' खाली सही 'जागृत विद्यार्थी' अशी. वडिलांनी वाचून पाठीवर थाप मारली. मी पहाटेच कॉलेजच्या भिंतींवर प्रती चिकटवल्या.

दुपारी तो एक प्रत घेऊन होस्टेलच्या फाटकाशी आला. "झकास लिवलंयस. पूजा हाय, सर हायती, माजी जात हाय, माजं गाव हाय. हळद कुणी लावली तेवढं न्हाई."

मी म्हटलं, ते लिहिलं असतं तर मुद्दा बाजूला पडला असता.

"व्हय. आन तुजी फेलोशिपबी." त्यानं प्रत नीट घडी घालून खिशात ठेवली. "सर म्हणत्यात, मीच लिवलंय. साऱ्या कॉलेजला तसंच वाटतंय."

"मी दुसरं पत्रक काढते. माझ्या नावानं."

"काढ की. कवा?"

उद्या, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावून बंगलोरसाठीचं शिफारसपत्र दिलं आणि म्हणाले, "त्या पोराचं बघितलंस ना? इतकं शिकवलं, आणि भिंती खराब करतो." मी पत्र घेतलं. धन्यवाद म्हटलं. त्यानंतर छापखान्याकडे गेले नाही.

पुण्याच्या मुलाखतीत त्याला निळ्या उजेडाबद्दल काही विचारलं नाही. समोरच्यांपैकी एकजण सरांच्या ओळखीचे होते. "पत्रकं काढता का तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं. तो "नाही" म्हणाला. खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं. त्याच दिवशी मी मिरज स्टेशनवर बंगलोरच्या गाडीत बसले होते.