पावणं, घिऊ का?

"पावणं, घिऊ का?"

खांद्यावर कॅमेरा, भिंगावर झाकण तसंच, आणि समोरचा मान हलवेपर्यंत चेहऱ्यावर हसू. शाहूपुरीत माझ्या लग्नपत्रिकांच्या छापखान्याला लागूनच या शूटिंगवाल्यांचा गाळा होता. काळ व्हिडिओ कॅसेटचा. बाकीचे शूटिंगवाले तुम्हाला आठवत असतीलच, तोंडात जिलेबी कोंबलेली असतानाच भसकन दिवा मारायचे. हे गृहस्थ मात्र पंगतीत पानापानाशी थांबून विचारत बसायचे.

त्यामुळे एका कॅसेटमध्ये निम्मी पंगत हात धुताना दिसली. मुलीचा बाप गाळ्यात येऊन गरजला, "लगीन काढाय बोलवलंतं का सह्या घ्याय?"

कुरुंदवाडच्या एक आजीबाई म्हणाल्या, "दात न्हाईत, मला नगं." यांनी लग्नभर त्यांचे हातच घेतले. अक्षता टाकणारे, नातीचा पदर सारखा करणारे. घरच्यांना तेवढाच भाग सगळ्यात आवडला.

पाठवणीला मात्र कॅमेरा बंद. लोक चिडायचे, खरी मजा तीच म्हणायचे. यांचं उत्तर ठरलेलं, "रडणाऱ्या माणसाला कसं इचारायचं? मग घ्यायचंच न्हाय की."

पुढे कॅमेऱ्याचे मोबाइल आले आणि विचारणं संपलं. त्याच सुमारास यांच्या मुलीचं लग्न झालं. गाडी सुटेपर्यंत गडी हसत हात हलवत होता. मग मांडवामागे जाऊन पालथ्या पातेल्यावर बसला आणि टॉवेलात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. चार दिवसांत ब्लूटूथवरून ते सगळ्या पेठेत फिरलं. 'शूटिंगवाल्याचंच शूटिंग' म्हणत लोक हसले. मीही हसलो. त्याची आज लाज वाटते.

मग ते स्वतः दुकानोदुकानी फिरले. माझ्याकडे आले तेव्हा आवाज चढला नव्हता. "मला कुणी इचारलं न्हाय, पावणं. तेवढं काढून टाका की." शेजारी इतकी वर्षं काढल्यावर त्या दिवशी मी त्यांचा पावणा झालो होतो. त्यांच्यासमोरच मी ते माझ्या मोबाइलमधून पुसलं.

दोन वर्षांनी ते गेले. महिन्याभराने मुलगी छापखान्यात आली.

"काका, गावाची लग्नं काढली, पण आप्पा एकाबी कॅसेटमधी न्हाईत. त्यांची एक क्लिप फिरत हुती म्हणं. तुमच्याकडं हाय का?"

"न्हाय, पोरी. त्यांनीच काढून टाकाय लावली."

ती थोडा वेळ जुन्या पत्रिका चाळत राहिली. "गाडी सुटली तवा आप्पा हसत हुते. मला लई लागलं हुतं ते. माघारी रडले का वो?"

शेजारच्या गाळ्याचं शटर बंद होतं. सांगू का म्हणून विचारायचं तर त्यांनाच विचारायला हवं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "लई रडले."